चूळ

प्रिय दादा,

एखाद्याचं गुपित त्याच्याच भल्यासाठी फोडलं, तर त्याला विश्वासघात म्हणायचं का? विचार करकरून थकले, उत्तर सापडत नाही. फोनवर बोलले असते, पण बाबा समोरच बसलेले असतात.

कँटीनमधून बाबांच्या स्वयंपाकाच्या तक्रारी येतात, हे आईने तुला सांगितलंच आहे. एक दिवस भाजी खारट, दुसऱ्या दिवशी अळणी. "आचारीबुवा, या वयात प्रेमात पडलात की काय?" वाढपी चिडवायचे. बाबा तिथे हसायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "माझ्या हाताची चव गेली. आता पुरे." तू म्हणालास, वय झालं, घरी बसू देत. मलाही तसंच वाटलं होतं. पण जेवताना नीट पाहिलं, तर प्रत्येक घासाला त्यांचे डोळे मिटत होते. चहा पार थंड करून प्यायचे. ओठांचे कोपरे चिरलेले. मी म्हटलं, "आ करा बघू." "झाली पदवीधर, लागली बापाचे दात मोजायला!" म्हणत त्यांनी तोंड उघडलं. जिभेवर आणि गालांच्या आतून दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे डाग. आई म्हणाली, पित्ताचं असेल. ओल्या फडक्याने मी हलकेच पुसलं. डाग कसाबसा निघाला आणि खालची जागा लालभडक, जराशी रक्ताळलेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोंडात बुरशी झालीय. मग विचारलं, "दम्याचा पंप घेता का?" मी ठासून "नाही" म्हणाले. बाबांनी आतल्या खिशातला पंप काढून टेबलावर ठेवला.

गेलं वर्षभर, दादा. कोठीत, पोत्यांच्या आड उभे राहून ओढायचे. त्यावर चूळ भरायची असते, नाहीतर औषध तोंडात राहून बुरशी धरते. पण नळ बाहेर, सगळ्यांच्या देखत. आचारी सारखा चुळा का भरतोय, असं कुणी विचारलं असतं तर? दमेकऱ्याला चुलीपाशी कोण ठेवणार, हीच धास्ती. बुरशी औषधाने जाईल, चवही परतेल. तळणीच्या धुरापासून मात्र लांब राहा, असं बाईंनी बजावलं. परतताना बाबांनी माझा हात घट्ट धरला. "दादाला आणि मॅनेजरला कळता कामा नये. शपथ आहे तुला माझी." मी मान हलवली.

पण लपूनच ओढणार असतील, तर चूळ राहणार आणि धूरही छातीत जात राहणार. म्हणून काल मी मॅनेजरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. तळणीवरून काढा, पण भाजीच्या चुलीवर राहू द्या, अशी विनंती केली. "बघतो," एवढंच म्हणाले. त्यांनी काढून टाकलं, तर बाबांचं काम माझ्या तोंडून गेलं असं होईल, हे मला माहीत आहे. बाबांना ते कळलं, तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहिलं. मॅनेजरांना काल सांगितलं, तुला आत्ता. शपथ पुरती मोडून झाली.

तुझीच,
धाकटी