वैशाखऱ्याला फाटलेला पाइप

आबा, गेल्या महिन्यात मी आणि वहिनी मोटारींच्या रॅलीत उतरलो होतो. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, "गाडी कुनाची?" गाडी वहिनीची. तुम्ही गेलात तेव्हा ती दादाच्या स्कूटरवर मागे बसतानासुद्धा त्याचा शर्ट मुठीत धरायची. तुमच्या त्याच सुनेनं पंचेचाळिशी उलटल्यावर गाडी शिकून घेतली आणि दोन मालक फिरून आलेली एक छोटी मोटार दारात आणून उभी केली.

रॅली म्हणजे नुसती पळवायची नसते. शहापुरातून निघायचं, मुरबाड, वैशाखरे करून परत शहापुरात यायचं, आणि प्रत्येक टप्पा ठरलेल्या वेळातच गाठायचा. उशीर झाला तरी गुण जातात, लवकर पोचलं तरी जातात. एकीनं चालवायचं, दुसरीनं शेजारी बसून मार्गाची वही वाचायची, घड्याळ बघायचं, वळणं सांगायची. जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला म्हणून हे काम माझ्याकडे आलं. दादा म्हणाला, "आटगाव तरी गाठाल का?" आटगाव शहापूरच्या जवळच, आणि आमच्या वाटेत नव्हतंच, पण वहिनीला झोंबायचं ते झोंबलं. आदल्या दिवशी गाडी पुसता पुसता ती मला म्हणाली, "वन्सं, वेळंत पोचलो तर नाव छापलेला कागद देतात म्हने. माझं नाव एकदाच छापून आलंय, लग्नाच्या पत्रिकेत. तेपन चुकीचं." सातवीनंतर तिची शाळा सुटली हे मला माहीत होतं. हे नव्हतं माहीत.

निघतानाच गाडी चालू होईना. बॅटरीची तार सैल झाली होती, ती आवळली. किन्हवलीच्या पुढे सायलेन्सर लोंबून रस्त्याला घासायला लागला. वालाच्या शेतात एक जण कुंपण नीट करत होता, त्याच्याकडून हातभर तार मागून घेतली आणि गाडीखाली आडवं होऊन तो बांधला. नवी कोरी साडी नेसले नव्हते हे नशीब. मुरबाडात तुमच्या गॅरेजच्या जागेवरून गेलो. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. मी वहीतून मान वर काढली, पुन्हा खाली घातली. टोकावड्यानंतर इंजिनाच्या तापमानाची सुई चढायला लागली आणि वैशाखऱ्याला पोचेपर्यंत बॉनेटमधून वाफ येऊ लागली.

वहिनीनं घाईनं बॉनेट उघडलं आणि पदर गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. आणि मी एकदम तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मी बारा वर्षांची आहे, एक जीप तापून आलेली आहे, तुम्हाला मदत करावी म्हणून मी फडकं घेऊन झाकणाकडे जाते, आणि तुम्ही माझा हात असा झटकता की फडकं उडून ऑइलच्या डब्यात पडतं. "आंधळी हायस का गो? तोंड भाजून घेशील!" गिऱ्हाइकासमोर ओरडलात म्हणून मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला एका तापलेल्या गाडीपाशी बसवलंत, ती निवेपर्यंत चहा पाजलात आणि मग माझ्याच हातानं झाकण उघडायला लावलंत. चुकलं म्हणणं तुम्हाला जमत नसे, एवढंच जमत असे.

मी वहिनीचा हात तस्साच झटकला.

"वन्सं, लागलं की!"

"लागू दे. खाली बस."

बाकीच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे जात होत्या आणि आम्ही दोघी बांधावर बसून चिक्की खात होतो. वहिनी दर मिनिटाला माझ्या मनगटावरच्या घड्याळात डोकावायची. समोरच्या घरातून एक म्हातारी कळशी घेऊन आली. "पानी पायजे ना? पन आधी निवू द्या तिला." मला वाटलं, आबा, तुमचीच कुणी शिष्या असणार.

रेडिएटरचा पाणी जायचा पाइप टोकाला चिरला होता. चिरलेलं टोक सुरीनं कापून टाकलं, उरलेला पाइप पुन्हा चढवला आणि क्लिप आवळली. कशानं, ते सांगते. दहावी पास झाल्यावर मैत्रिणींना घड्याळं मिळाली आणि मला तुम्ही पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर दिलात. मी तेव्हा किती रडले होते! कळशी रिकामी झाली, गाडी चालू झाली, सुई अर्ध्यावर येऊन थांबली. "आबा पावले!" वहिनी ओरडली. मी नाही, तीच.

परतीच्या वाटेवर सायलेन्सर पुन्हा सुटला, पण थांबायला वेळ नव्हता. शहापुरात आमच्या आधी आमचा आवाज पोचला. वेळ नोंदवायचं टेबल बंद व्हायला तीन मिनिटं होती. वेळेत एकोणीस गाड्या पोचल्या, त्यातली एकोणिसावी आमची. वहिनीनं प्रमाणपत्रावरचं आपलं नाव बोट ठेवून वाचलं, काना-मात्रा तपासली आणि टेबलामागच्या माणसाला म्हणाली, "बरोबर हाय." जसं काही त्याचाच पेपर तपासला! आता ते चौकटीत घालून पुढच्या खोलीत लावलंय. खिळा दादानं ठोकला.

हे सगळं मी तपासायच्या वह्यांमधल्या एका कोऱ्या पानावर लिहितेय. ते पोस्टात टाकायचं नाही, कपाटातच राहील. बक्षीस समारंभाच्या जेवणात एकानं विचारलं, "गॅरेजवाल्याची मुलगी तुम्ही, मग स्टिअरिंगवर का नाही बसलात?" मी हसून भाजी वाढून घेतली. तुम्हाला खरं सांगते. तुम्ही तीनदा गाडी शिकवायला हाक मारलीत आणि तिन्ही वेळा मी अभ्यास आहे म्हणाले. अभ्यास नव्हता. तुमच्यासमोर चुकायची भीती वाटायची. मला अजून गाडी चालवता येत नाही, आबा.