बैठकीनंतर सरळ घरी

३ जून

ही वही मी हौसेने लिहीत नाही. डॉ. अबेयानोसांनी सक्ती केली आहे. डोळे हलवून मनातला धक्का घालवायच्या उपचाराच्या दोन बैठकांमध्ये जे आठवेल, दिसेल ते तारखेसह लिहायचं. चार बैठका पुऱ्या झाल्याचं पत्र मिळालं नाही, तर कॉन्व्हेंटच्या सिस्टर मला मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकेच्या जागेवर कायम करणार नाहीत. वादळाचा भोंगा वाजला की माझे हातपाय गारठतात, हे त्यांना कळलं आहे.

बाकी बेटावरचं हे सेबू शहर छान आहे. खोली हवेशीर, खिडकीशी आंबा. चोवीस मुली, आणि मला पाहताच सगळ्या उठून उभ्या राहिल्या. स्वयंपाकीण मनांग सेपा (मनांग म्हणजे इथली ताई) म्हणाली, मॅडमच्या धाकाने आता भातसुद्धा वेळेत शिजेल.

५ जून

पहिली बैठक. डॉक्टरबाई माझ्या निम्म्या वयाच्या. दोन बोटं माझ्या डोळ्यांपुढे डावीकडून उजवीकडे हलवतात. मान स्थिर ठेवून नजरेने त्यांचा पाठलाग करायचा आणि मनात तो प्रसंग धरायचा. अर्ध्या मिनिटाने विचारतात, आता काय येतंय? काहीही सांगा, उत्तर ठरलेलं: बरं, तेच धरून ठेवा. पुन्हा बोटं. माझ्या शाळेत अशी शिक्षिका तीन दिवस टिकली नसती.

प्रसंग असा. तक्लोबानजवळची माझी जुनी शाळा, वादळाची सकाळ. मुलांना तळमजल्यावर बसवून मी बजावलं, मी सांगेपर्यंत जागा सोडायची नाही, आणि वर खोल्या बघायला गेले. समुद्र आत आला. बाकीची पळाली. लिझेल, अर्नुल्फो आणि मायलीन माझ्या शब्दाखातर बसून राहिली.

त्रास शून्य ते दहामध्ये किती? दहा.

सरळ घरी जा, पडून राहा, असं सांगितलं. तशीच आले. मनांग सेपाने दारातच अडवलं, वाटेत कुठे थांबलात? मयताला जाऊन आलेलं माणूस सरळ घरी येत नाही, पावाच्या दुकानात तरी टेकतं, नाहीतर मेलेलं मागोमाग घरात शिरतं. मी म्हटलं, मी डॉक्टरकडे गेले होते. ती म्हणाली, "मेलेल्यांनाच भेटून आलात ना, मॅडम? मग?"

मी बी.एड. केलंय. दार लावून घेतलं.

१२ जून

दुसरी बैठक. आकडा सात. इतकी वर्षं छातीवर बसलेलं थोडं उठलं, हे कबूल करते. यावेळीही सरळ परत आले.

पण वसतिगृहात शिस्त उरलेली नाही. आठवडाभर अभ्यासिकेतलं शेवटचं बाक रोज ओलं. खाऱ्या पाण्याचा वास. कोणी कबूल करेना. शेजारी बसते म्हणून आयदालीनला पुसायला लावलं. ती रडत राहिली. मनांग सेपा ऐकू जाईल अशी पुटपुटली, पावाचा एक तुकडा महाग पडला का यांना!

१५ जून

आता दोन बाकं.

१९ जून

तिसरी बैठक. आकडा तीन. लिझेलचा चेहरा नीट आठवेना. डॉक्टरबाई खूश. मी वैतागले. मी चेहरा विसरायला आले नव्हते.

परतले तर अभ्यासिकेत तीन बाकं ओली. आयदालीन तापाने फणफणली आहे. मुलगी डोंगराकडची, समुद्र तिने पाहिलेला नाही. मला म्हणाली, "मॅडम, पाणी गुडघ्यापर्यंत आलंय. शेजारची उठत नाही. म्हणते, मॅडमनी अजून सांगितलं नाही."

हे मी इथे कोणालाही सांगितलेलं नाही. कोणालाही.

२० जून

पावाच्या दुकानात दोन तास बसून आले. मनांग सेपाला तसं सांगितलं. ती हसली नाही. आता काय उपयोग, म्हणाली, ती केव्हाच आत आलीत.

२६ जून

चौथी. शून्य. पत्र मिळालं. डॉक्टरबाईंनी हात धरून अभिनंदन केलं. त्यांना वाटतं, गेलं. गेलं नाही. माझ्यातून निघून इथे येऊन बसलंय — या मुलींच्या मध्ये.

आयदालीनच्या केसांतून पाणी ठिबकतं. टॉवेल पुरत नाहीत.

२७ जून, दुपार

सिस्टरना राजीनामा दिला. तेव्हा जे सांगायचं राहिलं, ते मलाच सांगायला हवं. त्या तिघांना घेऊन निघायचं, समुद्राकडे —

आत्ताच अभ्यासिकेत उभी राहून खणखणीत म्हटलं, उठा. जागा सोडा. माझ्या मागे चला.

मागची बाकं करकरली. फरशीवर ओली पावलं — दारापर्यंत —

उठली. एका शब्दात उठली. तेव्हा का नाही —

मनांग सेपाच्या हवाली केलं: भांडाराच्या किल्ल्या. औषधांचं कपाट. हजेरीपट. मुली चोवीस, तिने मोजून घ्याव्यात —

तेवीस म्हणते. पुन्हा मोज म्हटलं.

तेवीस. आयदालीनची खाट रिकामी — दाराशी ओल्या पावलांच्या तीन नाही, चार जोड्या —