पट्ट्यावरचे एकेचाळीस दिवस

प्रिय भिंगरी,

पार्सल पोचलं. धावण्याचे बूट, घडी घातलेला गणवेश, तुझा चामड्याचा पट्टा, सगळं नीट आलं. तुझ्या आईनं बूट उन्हात ठेवले आणि दिवसभर माझ्याशी अबोला धरला, जणू प्रशिक्षण सोडायला मीच सांगितलं! अगं, तापामुळे नऊ दिवस धावणं चुकलं म्हणून कुणी सामान बांधतं का? निवड चाचणीला अजून सहा आठवडे आहेत, हे तूच लिहितेस. आणि तरी म्हणतेस, शनिवारी कायमची घरी येते.

धावून आलं की पट्ट्यावर एक भोक पाडायचं, ही खोड तुला माझ्यामुळे लागली. माझाही तसाच पट्टा दुकानात टांगलेला. सकाळी सहाला बसायचं, तासभर हातशिलाई गिरवायची, मग आरीनं एक भोक. त्या तासानंच मला ठिगळं लावणाऱ्याचा बूट घडवणारा कारागीर केलं, यात खोटं काही नाही. सात वर्षांची असताना तू स्टुलावर चढून ती भोकं बोटानं चाचपलीस आणि विचारलंस, एकही दिवस चुकला नाही का? मी छाती फुगवून सांगितलं, एकही नाही. तुझे डोळे असे चमकले की पुढे खरं सांगायची हिंमतच झाली नाही.

खरं आज ऐक. तू पाळण्यात होतीस. एका नवरदेवानं माझ्याकडे लग्नाचे बूट करायला दिले. माझं तेव्हा नाव होऊ लागलेलं, त्यामुळे डोक्यात हवा गेलेली. दोन्ही बूट डाव्या पायाचे शिवले! ऐन मांडवात खोका उघडला आणि बिचाऱ्यानं जुन्या चपला घालून लग्न लावलं. सगळा बाजार हसला. मी दुकानाला कुलूप घातलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो, एक नाही, दोन नाही, एकेचाळीस दिवस. एकेचाळिसाव्या रात्री तुझ्या आईनं आपली तुटकी चप्पल माझ्या जेवणाच्या ताटाशेजारी आणून ठेवली. ताटाशेजारी चप्पल! मी असा खवळलो म्हणून सांगू! पण खवळून का होईना, शिवली. दुसऱ्या दिवशी सहाला दुकानात बसलो. टाके वाकडे पडत होते. आणि गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून त्याच दुपारी एका बैठकीत एकेचाळीस भोकं ठोकून टाकली.

हे मी मरेपर्यंत पोटात ठेवलं असतं, तुझ्या आईनंही कधी तोंड उघडलं नसतं. पण तुझ्या चिठ्ठीतली शेवटची ओळ मी तिला वाचून दाखवलेली नाही. ‘मी तुमच्यासारखी नाही झाले, बाबा, मला माफ करा.’ पोरी, ती वाचून मी दुकानात एकटाच रडलो. माफी मी मागायला हवी. तू अगदी माझ्यासारखी आहेस गं, फक्त माझ्यापेक्षा प्रामाणिक आहेस. धावणं मनातूनच नकोसं झालं असेल तर खुशाल ये, घर तुझंच आहे. पण जो बाप कधी नव्हताच, त्याच्या लाजेनं येऊ नकोस.

तुझाच, चुकणारा,
बाबा