चाळीस नॅनोमीटरची फट

४ सप्टेंबर

हात अजून गार आहेत. लिहूनच काढते.

यंत्रं सांभाळणाऱ्या काकांनी आज हट्टच धरला — "आधी मणी घे, मगच पेशी लाव." काचपट्टीवर अतिसूक्ष्म मणी ठेवायचे. प्रत्येक मणी लाल आणि हिरवा, दोन्ही रंगांत चमकतो. मणी एकच, म्हणजे दोन्ही ठिपके एकावर एक यायला हवेत. सूक्ष्मदर्शकाचं भिंग थोडं फसवतंच. किती फसवतं ते मोजून पेशींच्या चित्रांतून वजा करायचं. रोज सकाळी! मी वर्षभर हे टाळलं. तासभर जातो म्हणून फोल्डरमधली जुनीच दुरुस्तीची फाइल लावत राहिले.

आज मणी घेतले. प्रत्येक मण्याचे दोन ठिपके. मध्ये चाळीस नॅनोमीटर.

चाळीस! मेंदूच्या पेशीत, लाल आणि हिरव्या रंगवलेल्या दोन प्रथिनांच्या मध्ये माझ्या मार्गदर्शक मॅडमना सापडलेली फट तेवढीच आहे. त्यांचं नाव झालं ते या फटीवर. माझा प्रबंधही तिच्यावरच उभा. शंभर पेशींत मी ती पक्की करून दिली आहे. पेशी कशीही वळलेली असो, हिरवा ठिपका कायम लालच्या डावीकडेच का दिसतो, हे कधी मनातही आलं नाही.

काकांना म्हटलं, सगळं ठीक आहे.

५ सप्टेंबर

पुन्हा मणी. पुन्हा चाळीस. जेवण गेलं नाही.

६ सप्टेंबर

ती फाइल उघडून पाहिली. आत नुसती शून्यं. म्हणजे वर्षभर काहीच वजा होत नव्हतं! भलतीच फाइल उचलली असणार मी. वेंधळी ती वेंधळीच.

खरी दुरुस्ती लावून जुनी चित्रं पुन्हा मोजली. फट नाहीच.

ताईला फोन केला. "केसाच्या दोन हजाराव्या भागासाठी जेवण सोडलंस? धन्य आहेस." मग माझा आवाज ऐकून थट्टा सोडली. "मॅडमना सांगून टाक. फार तर काय, ओरडतील." ओरडणं परवडलं. हाकलून देतील याची धडकी भरली आहे, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

८ सप्टेंबर

मॅडमच्या दारापर्यंत जाऊन परत आले. आत पाहुणे होते, हसणं चाललं होतं. पडद्यावर माझीच चित्रं.

९ सप्टेंबर

सांगितलं. माझी चूक म्हणूनच सांगितलं. फट पहिल्यांदा सापडली तेव्हाचं स्वतःचं फोल्डर मॅडमनी उघडलं. मण्यांचं एकही चित्र नव्हतं. तीच शून्यांची फाइल तेवढी होती, त्यांनीच बनवलेली.

उठून दार लावून आल्या. "अजून कोणाला माहीत आहे?"

ताईशिवाय कोणालाच नव्हतं.

"सगळ्यांना," मी म्हणाले.