बोटभर फट

तीर्थरूप अप्पांना, पुट्टी माखलेल्या हातांनीच नमस्कार.

मी मजेत आहे. थोडा खोकला आहे, पण तो धुळीचा; काळजी नको.

इथे एका कलादालनाचं काम चालू आहे. एवढ्या मोठ्या खोलीत एका कलाकाराची एकच लोखंडी पेटी, तीही रिकामी! मागच्या आठवड्यात भिंतीखाली बोटभर फट दिसली. फट दिसली की बुजवायची, हे तुम्ही थापी हातात देतानाच शिकवलेलं. दिवसभर खपून सगळी बुजवली. आर्किटेक्ट बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, ती मुद्दाम ठेवली होती!"

दोन दिवस खरवडत बसलो. मग दिवे लावले, तर भिंत जमिनीला टेकलेलीच वाटेना! पेटीसुद्धा हलकी दिसायला लागली. बाई म्हणाल्या, "पेटी गप्प आहे, मग खोलीनेही गप्प बसायला हवं ना?" मला अजून पुरतं कळलेलं नाही, पण रोज जेवायच्या सुट्टीत जाऊन बघतो.

तुमचा गुडघा कसा आहे? आई गेल्यावर तिची खाट काढलीत, तिथे कपाट ठेवा म्हणून मी तुमच्या किती मागे लागलो होतो. तुम्ही नुसते गप्प बसायचात.

आता तसं नाही म्हणणार.

तुमचाच,
धाकटा