गोळ्यातली पुसलेली जागा

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची बुऱ्हाणपुरात. बॅगेत चार ड्रेस, लॅपटॉप आणि आईनं घेऊन दिलेली ही वही. दीपाली, फोनवर तू अर्धंच सांगतेस, वहीत सगळं लिही, मी आले की वाचीन, असा तिचा हुकूम. बाबा गेल्यापासून चाळीसगावच्या घरात आम्ही दोघीच होतो. आता ती एकटी.

खोली सिंधीपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर. घरमालकीण मालूबाई खाली राहतात. बेटा, टेन्शन मत ले, रोटी-भाजी मी देत जाईल, असं म्हणत त्यांनी माझी बॅग उचलून वर नेलीसुद्धा. खिडकी उत्तरेची, त्यामुळे दिवसभर मऊ उजेड असतो. शेजारी पॉवरलूमची खटखट चालू असते. संध्याकाळी मावा-जिलबी खाल्ली आणि आईला व्हिडिओ कॉलवर खोली दाखवली. तिला पहिलं काय दिसलं, तर कोपऱ्यातली जळमटं.

५ नोव्हेंबर, बुधवार

स्टुडिओ लालबागेत, दोन खोल्यांचा. मालक ललितभाऊ आणि नोकरीला मी, संपला स्टाफ. केळी लावणाऱ्यांसाठी एक फिल्म करायची आहे. तिच्यात भाईदासकाका नावाचा म्हातारा शेतकरी सगळं समजावून सांगतो. हा काका कॉम्प्युटरवर घडवलेला. ललितभाऊंनी त्याच्या मानेच्या सुरकुत्या, नखांतली माती, सदऱ्यावरचे केळीच्या चिकाचे काळे डाग, सगळं जीव ओतून केलंय. ते डाग कशानं निघत नाहीत म्हणे. पण काका मेल्यासारखा दिसतो, कारण त्याच्यावर अजून उजेड नाही. तो द्यायचं काम माझं.

पद्धत सोपी आहे. काका जिथं दिसायला हवा, तिथं आरशासारखा चकचकीत स्टीलचा गोळा ठेवायचा आणि त्याचे फोटो काढायचे, अंधाऱ्यापासून लख्खपर्यंत सात. गोळ्यात आजूबाजूचं सगळं उमटतं. ते चित्र काकाभोवती गुंडाळलं की त्या जागेचा खरा उजेड त्याच्या अंगावर पडतो. अडचण एकच, गोळ्यात फोटो काढणाराही दिसतो. म्हणून दुसऱ्या बाजूनंही फोटो घ्यायचे आणि आपण उभे होतो तिथलं खरं चित्र तिथं जोडायचं. नुसता ब्रश फिरवून स्वतःला पुसू नको, जागा पोकळ राहते, असं ललितभाऊंनी दोनदा बजावलं. मग महिनाभरासाठी इंदूरला गेले.

८ नोव्हेंबर, शनिवार

जसोंडीला लोटूदादांच्या केळीच्या बागेत गेले. लोटूदादा बोलके निघाले. तासभर त्यांनी मला केळीचे रोग समजावले, वर एक अख्खी फणी दिली. एक बाजू शूट केली. दुसऱ्या बाजूला ठिबकचा चिखल होता आणि माझे बूट नवे. म्हणून घरी येऊन गोळ्यातल्या माझ्यावर पानांच्या रंगाचा ब्रश फिरवला. पाच मिनिटांत मी गायब. कुणाच्या बापाला कळणार आहे?

१२ नोव्हेंबर, बुधवार

काका मुलाला निरोप देतो तो प्रसंग स्टेशनच्या फलाटावर आणि फोनवर बोलतो तो खोलीत. फलाट सोमवारी झाला. खोली म्हणून माझीच खोली काल वापरली. एकदा ब्रश चालतो म्हटल्यावर दोन्हीकडे ब्रशच चालवला. डिस्क भरली होती, तेव्हा मूळ फोटोही उडवून टाकले.

आज रेंडर, म्हणजे उजेड लागून तयार झालेलं दृश्य, पाहिलं आणि हात जोडावेसे वाटले. काका माझ्या कॉटवर बसलाय. खिडकीचा उजेड त्याच्या गालावर, डोळ्यांत खिडकीची चौकट. तो खरा वाटतो. कुणाला तरी दाखवावंसं वाटलं, पण इथं दाखवायला कोण आहे? जेवण झालं, भांडी झाली, आणि मी दिवसभर कुणाशी बोललेच नाही हे ध्यानात आलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गोळा ठेवला होता त्या जागेचं राहिलेलं मोजमाप घ्यायला जसोंडीला गेले. लोटूदादांना नमस्कार केला. ते माझ्या पल्याड बघत पाइप गुंडाळत राहिले. बाजूच्या बाईला सांगत होते, त्या दिवशी गोळा ठेवला होता ना, पण कोणी पोरगी-बिरगी नव्हती, एक बुढा माणूस होता, सदरा चिकानं काळा झालेला.

मी हसले. मोठ्यानं हसले. कुणी वळून पाहिलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मालूबाई डबा घेऊन वर आल्या. मी दारात उभी असताना मला वळसा घालून आत गेल्या आणि कॉटकडे बघून म्हणाल्या, काका, आज वांग्याची भाजी आहे, मिरची कमी टाकली. डबा कॉटवर ठेवला आणि गेल्या.

कॉटवर कुणीच नव्हतं. उशीवर काळा डाग होता. साबणानं घासला, निघत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आईचा कॉल आला. मी कॅमेऱ्यासमोर बसले होते. ती म्हणाली, तुझा आवाज येतोय, पण तू कुठंयस? मला नुसती खिडकी दिसतेय. मी हात हलवला, अगदी स्क्रीनला नाक लावलं. ती म्हणाली, चेष्टा पुरे, चेहरा दाखव. मला रडू आलं. ते तिला ऐकू गेलं असावं, कारण तिनं दोनदा माझं नाव घेतलं.

तिन्ही जागी मी स्वतःला ब्रशनंच पुसलंय. बाग, फलाट, खोली. मूळ फोटो असते तर मी स्वतःला परत आणलं असतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सरळ घरी जायचं ठरवलं. स्टेशनवर गेले, तर तिकीट खिडकीतला माणूस माझ्यामागच्याला काय पाहिजे विचारतो. बिनतिकिटाचीच गाडीत चढायला गेले. फलाटावरची गर्दी मला बाजूला न सारता माझ्यातून चालत होती. पाय उचलला की पायरी पुढं सरकायची. तीन गाड्या गेल्या.

शेवटी परत खोलीत आले. दुसरं कुठं जाणार?

२० नोव्हेंबर, गुरुवार

ललितभाऊंना फिल्म पाठवली, सोबत झालेलं सगळं लिहिलं. उत्तर आलं. फिल्म मस्त झाली, काका एकदम जिवंत. आप कौन? हा नंबर कोणाचा आहे?

आईला आता आवाजही जात नाही. मेसेज जातच नाहीत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी खोलीत पुन्हा गोळा ठेवला. या वेळी नीट, दोन्ही बाजूंनी. मी गोळ्यात उमटले तर जपून ठेवायचं, एक टिंबही पुसायचं नाही.

फोटो पाहिले. गोळ्यात खिडकी आहे, कॉट आहे, कॅमेऱ्याचा स्टँड आहे. स्टँडमागं कुणी नाही. मी तिथंच उभी होते. दोन्ही बाजूंच्या सातही फोटोंत—

कॉटवर काका आहे. आधी माझ्याकडे पाठ, सातव्यात—

२२ नोव्हेंबर, शनिवार

आता तो साध्या डोळ्यांनीही दिसतो. हलत नाही. त्याच्यावरचा उजेड अगदी बरोबर आहे, मीच लावलाय. माझ्या हाताची सावली वहीवर पडत नाही. त्याची भिंतीवर पडते.

मला फार एकटं वाटतंय, म्हणून त्याच्याशी बोलले. त्यानं मान हलवली. तीन वेळा, थोडी डावीकडे झुकवून. फिल्ममध्ये हलवतो तशीच.

खाली मालूबाई फोनवर कुणाला तरी पत्ता सांगत होत्या. चाळीसगाव म्हणाल्या. आई येतेय. तिनं ही वही वाचली की झालं. वहीत मी आहे. हिच्यावर ब्रश नाही फिरवला.

२३ नोव्हेंबर, रविवार

आई आली. हिरवं पातळ, हातात लाडवांचा डबा. मी तिला मिठी मारली, ती पदरानं घाम पुसत राहिली—

त्याला विचारतेय, माझी मुलगी इथं राहायची ना? तो मान हलवतो. तीन वेळा.

वही दिसली तिला. ओळखली. मांडीवर घेतलीय. तिच्या मांडीवरच मी लिहितेय, तिच्या अंगठ्याशेजारी. आई, इथं बघ, हे अक्षर—

पानं उलटतेय. पहिल्यापासून. कोरी आहे हो, म्हणते. सगळी कोरी—

आता थांबलीय. कपाळाला आठ्या. त्याला विचारतेय, ही वही मी कुणासाठी घेतली होती हो? नाव अगदी जिभेवर आहे म्हणते—

आई, दीपा