दंडासकट

१२ फेब्रुवारी

प्रिय अर्वो,

तू बरा असशील असं धरून चालते. इथे बर्फ खिडकीला टेकलाय. तुझी कुत्री माझ्या सोफ्यावर पसरते, हाकललं तर डोळे वटारते, अगदी तुझ्यासारखी. आई बरी आहे, शनिवारचा सॉना चुकवत नाही. आईबद्दलच लिहायचंय, पण थांब.

आधी कोर्टाच्या खर्चाचं. शिक्षा झाल्यापासून पैसे भरायची छप्पन्न दिवसांची मुदत उलटली आणि वर वीस टक्के दंड लागला. "अपिलाचा निकाल लागेपर्यंत एक छदाम भरू नका, भरलं म्हणजे आग मीच लावली असं होतं," हे तुझं पालुपद. वकीलबाई म्हणाल्या, भरण्याचा नि कबुलीचा काही संबंध नाही; पण अर्ज केला तर निकालापर्यंत वसुली नि दंड दोन्ही थांबवता येतील. मंगळवारी अर्ज घेऊन कोर्टापर्यंत साठ मैल गाडी हाकली. खिडकीवरची बाई म्हणते, "आता काहीच बाकी नाही. काल तुमच्या आई भरून गेल्या. दंडासकट."

डोकंच फिरलं माझं! तडक घरी गेले. आई चर्चच्या विक्रीसाठी पेस्टीच्या पारीत खिमा-बटाटा भरत होती.

"कुणी सांगितलं होतं तुला? पैसे कुठले?"

"माझ्या मयताला ठेवलेले. मला साध्या पेटीत घाला."

"अगं, त्यानं काही केलंच नाही, मग भरायचं कशाला?"

ती कडा दुमडत राहिली. मग म्हणाली, "वर्नरची होडीची शेड जळली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी अर्वोचं जाकीट मी धुतलं. तीनदा. रॉकेलचा वास जाईना. तो सुटावा म्हणून रोज प्रार्थना करते गं. पण देणं ते देणं."

अर्वो, तुझ्यासाठी मी वर्नरच्या बायकोशी भर दुकानात भांडले. खोटारडी म्हटलं तिला. आता कुठल्या तोंडानं तिच्यासमोर जाऊ? खूप राग आलाय मला तुझा. आणि तू सुटावास असंही वाटतंय, त्याचा जास्त राग येतोय.

तुरुंगात पत्रं उघडून वाचतात, विसरले नाहीये मी. हे पत्र चुलीत जाईल. तुला पोचेल त्यात बर्फ असेल, कुत्री असेल आणि आई बरी आहे एवढंच असेल. रविवारी भेटायला येईन. "भरलं नाहीत ना?" असं विचारू नकोस, बाबा.

अजूनही तुझीच बहीण,
एल्मा